दुअमली

सातपूरच्या कारखान्यानं त्र्याऐंशी साली
मला नऊ महिने जर्मनीला धाडलं,
नोझलचं भोक मायक्रॉनात मोजायला शीक म्हणून.
राहायला एका म्हातारीच्या घरात माळ्यावरची खोली.
एल्फ्रीडाबाई. गुडघे थकलेले, जीभ नाही.

एका रविवारी तिनं गावामागच्या टेकडीवर नेऊन
शेवाळलेला दगड दाखवला:
या अंगाला सिंह, त्या अंगाला बुद्धिबळाचा पट.
दोन राजे? मी विचारलं.
राजे कुठले, काउंट, ती म्हणाली.
मी मनात म्हटलं, म्हणजे देशमुख.

मूळ पुरुषाला मुलगा नव्हता.
मुलूख दोन बहिणींतून दोन घराण्यांत गेला
(बहिणींची नावं म्हातारीला आठवेनात),
आणि दोघांनी मिळून कारभार मांडला.
किल्ला एक, कुलपं दोन.
पुलावर जकातदार एक, पेट्या दोन:
पाचातली तीन नाणी डावीकडं, दोन उजवीकडं.
चोराला फाशी द्यायची तर दोन्ही दरबारांची सही हवी;
कागद इकडून तिकडं जाईस्तोवर
चोर नातवंडं बघून घरीच वारला.
आपल्याकडं याला दुअमली म्हणत,
पण जर्मनमध्ये ते मला सांगता येईना.

मग एका पिढीला वाटलं, पुरे.
गावं वाटली, गिरण्या वाटल्या,
जंगलातली डुकरंसुद्धा, ज्यांना कुणी विचारलं नाही.
घंटेवरून अडलं.
शेवटी घंटा एकाला आणि दोर दुसऱ्याला.
मग वाजवायचं कुणी?
वाऱ्यानं, म्हातारी म्हणाली, आणि बशीत केक वाढला.

मी खूप हसलो होतो.
अठ्ठावीसचा होतो मी,
मखमलाबादची सात एकर अजून वडिलांच्या नावावर होती.

काल मोजणीवाले आले.
तिपाईवर यंत्र, पोराच्या कानात गाणी.
द्राक्षाच्या ओळीतून त्यानं लाल दोरी ओढली
तेव्हा एक वेल मधोमध आली.
दादा, ही कुणाची?
सुकदेव म्हणाला, त्याची.
मी म्हणालो, त्याची.
पोरानं कंटाळून दोरी वीतभर सरकवली.

स्टॅम्प पेपर सुकदेवनंच आणला.
तीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
हेच कागद छापले त्यानं
देशभरच्या भावांसाठी.
उजेडात धरून पाण्यातली खूण पाहिली, सवयीनं,
म्हणाला, छपाई चांगली आलीय.

सगुणाक्का सिन्नरहून सकाळच्या बसनं आली,
हक्कसोडवर अंगठा दिला
(सही येते तिला, पण घाईत कुणी पेन दिलं नाही),
शाईचं बोट पदराला पुसत
साडीचा बॉक्स न उघडताच घेऊन गेली.
लेखनिकानं तिचं नाव दोनदा चुकवलं.

विहीर समाईक. मोटार त्याची, पाईप माझा.
हे वाचून दाखवलं तेव्हा
मला एकदम केकचा वास आला.
कुणाला सांगणार?

मग चतुःसीमा.
उत्तरेस शिवरस्ता, दक्षिणेस पाटाची चारी,
पश्चिमेस गायकर यांची बाग,
पूर्वेस...
आजवर माझ्या पूर्वेला ओढा होता.
कालपासून भाऊ आहे.
खाली सही केली. मायक्रॉनाचा माणूस मी,
पण अक्षर रेषेबाहेर गेलं.

संध्याकाळी बांधावर गेलो.
दगडाला ओला चुना, हात पांढरा झाला.
वाकून त्याची पलीकडची बाजू चाचपली:
काहीच नव्हतं, मुंग्या होत्या.

रात्री साडेअकराची पाळी.
अंधारात दोन बॅटऱ्या, दोन टोकांना.
मी खोकलो. तो खोकला.
मग पलीकडून, लहानपणी हाक मारायचा त्याच आवाजात:
लाईट आली का रे?

फिडर एकच आहे आमचा.
त्याच्याकडं नाही म्हणजे माझ्याकडंही नाही,
हे त्याला ठाऊक आहे.
तरी मी ओरडून सांगितलं,
नाही अजून.